काळप्रवाशाने चांद्याला यावं

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या काळप्रवासाच्या मालिकेत 'डीमन्स ऑफ द पंजाब' नावाचा एक भाग आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी तो दाखवला गेला. लेखक विनय पटेल. शेफील्डच्या पोलीस दलात नोकरी करणारी यास खान ही पाकिस्तानी वंशाची मुलगी आजीचं तरुणपण पाहायला म्हणून मागे जाते आणि पोहोचते ऑगस्ट १९४७च्या पंजाबात. तिथे आजीचं, उम्ब्रीनचं, लग्न ठरलेलं आहे. पण नवरा मुलगा यासचा आजोबा नाही. तो प्रेम नावाचा हिंदू तरुण आहे, दुसऱ्या महायुद्धात लढून घरी परतलेला. नवी सरहद्द त्यांच्याच जमिनीतून जाते. प्रेमचा धाकटा भाऊ मनीष जमावाला सामील झालेला आहे. प्रेम मरणार हे यासला कळतं. तो वाचला तर आपण जन्मालाच येणार नाही, हेही तिला कळतं.

या भागात परग्रहवासी आहेत, थिजारियन नावाचे. सुरुवातीला वाटतं की मारेकरी तेच. एके काळी ते मारेकरी होतेही. पण त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झाला तेव्हा त्यांच्या माणसांच्या मरणाला कुणी साक्षीला नव्हतं. ती गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. आता ते विश्वात जिथे कुणी एकटं, बेदखल मरत असेल तिथे जाऊन उभे राहतात, पाहतात आणि त्या माणसाची आठवण जपतात. एवढंच त्यांचं काम. मारणारी माणसं मात्र ओळखीची, घरातलीच.

फाळणीसारख्या विषयाला विज्ञानकथेने हात घातला आणि तो विषय लहान झाला नाही, याचं श्रेय मी या एका कल्पनेला देतो. हा भाग पाहिल्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाकडे पाहताना मला सारखं वाटतं, इथे असे साक्षीदार यायला हवे होते.

*

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' सुरू झाली तेव्हा तिच्यात दोन शिक्षक मुद्दाम घातले होते, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. मुलांनी भूतकाळात जाऊन इतिहास शिकावा, भविष्यात जाऊन विज्ञान, असा बेत होता. पहिल्याच वर्षी मार्को पोलोवर सात भागांची गोष्ट आली. त्या सातही भागांची चित्रफीत आज उपलब्ध नाही, आवाज तेवढा उरला आहे. फिती पुसून पुन्हा वापरायचा तो काळ होता. इतिहास सांगणाऱ्या मालिकेचा स्वतःचाच इतिहास असा गेला, याची हळहळ वाटते.

*

अशा गोष्टींचं बळ यंत्रात नसतं, बांधलेल्या हातांत असतं. 'स्टार ट्रेक'चा १९६७ सालचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा भाग घ्या. मंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये गरिबांना जेवू घालणारी, युद्धाला विरोध करणारी इडिथ कीलर. भविष्यातून तिथे आलेल्या कप्तान कर्कचं तिच्यावर प्रेम जडतं. ती जगली तर अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. म्हणून तिला मरू द्यायचं. पुढचं सगळं माहीत असूनही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायचं. ऐतिहासिक कादंबरीत हे दुःख येऊ शकत नाही, कारण तिथल्या पात्राला पुढचं काही ठाऊक नसतं. इतिहासाच्या पुस्तकातही येत नाही, कारण तिथे लिहिणारा सुरक्षित अंतरावर बसलेला असतो. जाणणारा आणि भोगणारा एका अंगणात आणून उभे करणं विज्ञानकथेलाच जमतं.

*

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८९ साली 'इंद्रधनुष' आली. आनंद महेंद्रू यांची, गिरीश कर्नाड यांची भूमिका असलेली. संगणक जुळवणारी मुलं, परग्रहावरचा पाहुणा आणि थेट स्वातंत्र्यलढ्याच्या काळात प्रवास. साधनं तुटपुंजी होती, पण दिशा बरोबर होती. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे तेलुगू घरात बोलली जाते. तिकडच्या माणसांना १९९१चा 'आदित्य ३६९' सांगावा लागत नाही. कृष्णदेवरायाच्या विजयनगरात कालयंत्र उतरवणारा तो तेलुगू चित्रपट. नदीपलीकडच्यांनी केलं ते अलीकडे करायला कुणाची हरकत असणार?

*

मराठीत या वाटेवरचं सगळ्यात मोठं काम जयंत नारळीकरांचं. 'यक्षांची देणगी' या संग्रहातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरच्या मुलांनी वाचलं आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे १७६१च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, चाटून गेली. मराठे जिंकले. इंग्रजांचं साम्राज्य झालंच नाही. गंगाधरपंत मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात, हा प्रसंग मला फार आवडतो. संकटाच्या क्षणी माणूस तलवार शोधत नाही, ग्रंथालय शोधतो.

पण ही कथा चंद्रपुरात बसून वाचली की एक प्रश्न उभा राहतो. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य रघूजी भोसल्यांनी घेतलं ते १७५१ साली, पानिपताच्या दहा वर्षं आधी. शेवटचा राजा नीळकंठशहा कैदेत गेला. तेव्हा पानिपतावर मराठे जिंकले असते तरी जटपुरा दरवाज्याच्या आत राहणाऱ्या गोंड घराला काय मिळालं असतं? पुण्यात जो पर्यायी इतिहास वाचून छाती भरून येते, त्याच इतिहासात इथल्या राजवाड्याला कुलूपच असतं. नारळीकरांच्या कथेत हा दोष नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. पण 'जर असं झालं असतं तर' हा प्रश्न कुठे उभं राहून विचारला यावर उत्तर ठरतं. चांद्याचा 'जर' वेगळा आहे आणि तो अजून कुणी लिहिलेला नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. हे त्यांच्या हयातीत लिहायला हवं होतं. त्यांनी नक्की उत्तर दिलं असतं.

*

२९ एप्रिल १८५८ची रात्र. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या माणसांची छावणी. गार्टलँड, हॉल आणि पीटर. इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलेल्या बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांच्या लोकांनी छावणीवर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला.

विज्ञानकथेचा भाग करायचा तर मी ही रात्र घेईन. याचं कारण लढाईत नाही, तारेत आहे. त्या जंगलात त्या वर्षी अनोळखी माणसं आली होती, विचित्र यंत्रं घेऊन. त्यांच्या यंत्रातून शब्द घोड्यापेक्षा वेगाने धावत. झाडीतल्या कुठल्याही गावाने याआधी असं काही पाहिलेलं नव्हतं. मग परग्रहावरून यान कशाला उतरवायचं? ते आधीच उतरलेलं आहे. १८५८च्या अहेरीसाठी छावणीतली ती माणसंच दुसऱ्या ग्रहावरची होती. आपला काळप्रवासी, ज्याच्या खिशात मोबाइल आहे, तो या दृश्यात कुणासारखा दिसेल? तारवाल्यांसारखा. हल्ला करणाऱ्यांच्या डोळ्यांत तो त्याच बाजूचा. हे त्याला उमगण्याचा क्षण हा त्या भागाचा मध्य.

आणि बाबूरावांच्या माणसांना भाबडं दाखवू नये. तार आली की पाठोपाठ शिपाई येतात एवढं समजायला तारेच्या आतली वीज समजावी लागत नाही. बाबूरावांच्या सैन्यात गोंड होते, रोहिले होते. आपल्या मालिकांना आदिवासी दाखवायचा झाला की एकच पिसांचा मुकुट आणि एकच ढोल आठवतो. याचा मला राग आहे.

*

बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. जन्म १२ मार्च १८३३चा. म्हणजे पंचविशी नुकती ओलांडलेली.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, बंडात सामील झालेल्यांना माफी.

मध्ये अकरा दिवस.

लेखकाचा हात इथे शिवशिवतो. काळप्रवाशाने येऊन फाशी अकरा दिवस लांबवायची, बस्स! पण जाहीरनाम्यातली अट वाचावी लागते. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता त्यांना माफी नव्हती. गार्टलँड आणि हॉल यांची नावं कागदावर होती. अकरा दिवसांनी माफी आली असती आणि बाबूरावांच्या दारावरून पुढे गेली असती. मला ही वस्तुस्थिती कुठल्याही रचलेल्या कथानकापेक्षा जास्त नाट्यमय वाटते. प्रवासी धडपडून तारीख बदलतो, दिवस मोजतो, जाहीरनामा हातात पडतो, तो वाचू लागतो आणि ती ओळ येते. इथे पार्श्वसंगीत देऊ नये.

*

अहेरीची राणी लक्ष्मीबाई. तिच्याच जमीनदारीच्या माणसांनी सप्टेंबर १८५८ मध्ये बाबूरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. बक्षीस म्हणून जप्त झालेली गावं तिला मिळाली. आमच्याकडच्या भाषणांत तिचं नाव एका वाक्यात येतं आणि ते वाक्य शिवीसारखं असतं.

चांगल्या लेखकाने तिला किमान दहा मिनिटं द्यावीत. क्रिक्टनचा दबाव होता. जमीनदारी जाण्याची टांगती तलवार होती. समोर बंड मोडत चाललेलं दिसत होतं. त्याच वर्षी तिच्याच नावाची एक राणी जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना पडली. दोन लक्ष्मीबाई, एक वर्ष. तिने केलं ते मला मान्य नाही. पण तिला पुढचं काही ठाऊक नव्हतं आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे. काळप्रवासाची गोष्ट हा फरक तोंडावर आणून ठेवते. 'डॉक्टर हू'च्याच 'रोझा' या भागात काळप्रवासी डॉक्टर आणि तिचे सोबती १९५५च्या माँटगोमेरीतल्या, वर्णभेद पाळणाऱ्या बसमध्ये नुसते बसून राहतात, आणि त्यांचं ते बसून राहणंच अन्यायाचा भाग होतं. तशी एक जागा अहेरीच्या वाड्यातही आहे.

*

काळाचा तपशील. कुणी खरोखर हा भाग करायला घेतला तर, म्हणून लिहून ठेवतो.

एप्रिलअखेरचं जंगल दाखवताना डोक्यावर तेंदूपत्त्याचे पुडे घेतलेल्या बाया दाखवू नयेत. विडीचा धंदा नंतरचा. मोहफुलं चालतील, ती तेव्हाही होती. घाणेरीची झुडपं चौकटीत येऊ देऊ नयेत. आज ती सगळीकडे आहे, तेव्हा या आतल्या जंगलात नव्हती. सागाची एका रांगेत उभी असलेली रोपवाटिकेची झाडं तर अजिबात नकोत. त्यासाठी आलापल्लीजवळचं 'वनवैभव' बघावं. नैसर्गिक जंगलाचा तो तुकडा वनखात्याने तोड न करता राखून ठेवला आणि २०१४ साली तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झाला. १८५८ची झाडी कशी असेल याची कल्पना तिथे उभं राहिल्यावर येते. रानम्हशी तेव्हा बऱ्याच होत्या. आता सिरोंचा भागात कोलामार्काच्या जंगलात थोड्या उरल्या आहेत.

चांदा शहर दाखवताना धूर नको. वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ची, औष्णिक वीजकेंद्र तर एकोणीसशे ऐंशीच्या दशकातलं. त्या आधीच्या चांद्यावर रात्री आकाशगंगा दिसत असणार. आजच्या चंद्रपूरच्या मुलाला १८५८मध्ये उतरवलं तर त्याला सगळ्यात आधी काय जाणवेल? श्वास. हवेला वास नसणं. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण ते खरं आहे.

आणि भाषा. ब्रिटिश मालिकेत यंत्र सगळ्या भाषा आपोआप समजावून देतं. आपल्या भागात ते यंत्र बिघडलेलं असावं. माडिया, गोंडी, तेलुगू, झाडीबोली, रोहिल्यांची हिंदुस्थानी. प्रवाशाला निम्मं कळू नये. ज्यांचं ऐकून घ्यायचं त्यांच्यासमोर थोडा वेळ अडाणी व्हावं लागलं तर बिघडत नाही.

*

सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके, डायनोसॉरची हाडं. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून त्या थरांना जगभर 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. काळप्रवासाचा दुसरा भाग तिथे करता येईल. पण तिथे साक्ष द्यायला माणूस नाही, म्हणून माझं मन चिंचगुंडीकडेच वळतं. आणि चिमूरकडे.

*

चिमूर, १६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेला भाग. चले जाव चळवळीची प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. मग जमाव उसळला. डाक बंगला पेटला, सरकारी अधिकारी मारले गेले. हेही दाखवलं पाहिजे, झाकून नव्हे. तीन दिवस गाव इंग्रजांच्या हातात नव्हतं.

मग फौज आली. घरोघरी पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. बातमीच दाबली गेली. नागपुरातून गेलेल्या स्त्रियांनी चिमूरच्या बायकांकडून ऐकलं, बाहेर येऊन सांगितलं, आणि सरकार म्हणालं, चौकशीची गरज नाही. सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भणसाळी यांनी चौकशी व्हावी म्हणून उपोषण धरलं. ११ नोव्हेंबर १९४२ ते १२ जानेवारी १९४३, ६३ दिवस. उपोषणाची बातमी छापायलाही बंदी आली, तेव्हा ६ जानेवारीला देशभरच्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक न काढता निषेध केला. फाशीची शिक्षा झालेल्या, चिमूर आणि तसाच उठाव झालेल्या आष्टीच्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे वर्षानुवर्षं झटल्या. अखेर १९४५ साली त्या फाशी टळल्या.

म्हणजे चिमूरचं सगळं भांडण साक्षीचं होतं. बाईने सांगितलं ते ऐकायचं की नाही? एक माणूस दोन महिने अन्नाविना राहिला तो स्वराज्य मागायला नाही, या बायांचं म्हणणं कुणीतरी लिहून घ्यावं म्हणून. पंजाबच्या त्या भागातले थिजारियन इथे पाठवावेत असं मी सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी. पण खरं सांगायचं तर चिमूरला साक्षीदार लाभले होते. ते परग्रहावरचे नव्हते. ते सेवाग्राम आणि नागपूरहून आले होते आणि त्यांना ऐकू न देण्यासाठी एक साम्राज्य राबत होतं.

या भागात कॅमेरा कुठे ठेवायचा याचं मला एकच उत्तर दिसतं. अत्याचार दाखवायचा नाही. सांगणारी बाई दाखवायची आणि ऐकणारी बाई दाखवायची. काळप्रवाशाकडे आवाज साठवायचं यंत्र असेल. तिने विचारावं, 'बाई, हे ठेवू का जपून?' आणि त्या बाईने हो म्हणावं किंवा नाही म्हणावं, ती सांगेल तसं.

*

हे करणार कोण? मुंबईच्या वाहिन्यांकडे मी पाहत नाही. माझं लक्ष वडशाकडे आहे.

झाडीपट्टी रंगभूमीची दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं ठाणं. मंडळ्यांची कार्यालयं, भित्तिपत्रकं, तारखा घ्यायला आलेली गावकरी मंडळी. थंडीत तट्ट्यावर बसून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा हा प्रेक्षक आहे. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ऐतिहासिक नाटक इथे नवं नाही, सामाजिक नाटक इथे नवं नाही, आणि एका प्रवेशात रडवून पुढच्यात हसवणं ही तर रोजची गोष्ट. विज्ञानकथा मात्र जवळजवळ नाही. आज मोबाइलवर लघुपट करणारी मुलं ब्रह्मपुरीत आहेत, गडचिरोलीत आहेत. चाळीस मिनिटांचा एक भाग. एक रात्र, एक छावणी, पाच-सहा माणसं. झाडीपट्टीचे नट, आलापल्लीचं जंगल. महागड्या दृश्यकरामती लागत नाहीत. 'डॉक्टर हू'चा पंजाब स्पेनमध्ये चित्रित झाला होता. आपल्याला तर जागा शोधायलाही बाहेर जायला नको.

मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९७४ साली त्याच स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पहिली कथा पाठवली होती. चंद्रपूर-गडचिरोलीतून तिथे कथा जाव्यात. पहिल्या खेपेला जमलं नाही तरी पाठवत राहावं.

*

शेवटचं, आणि हे तातडीचं आहे. बेचाळीस साली जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज नव्वदी पार केलेली आहे. चिमूर, नेरी, भिसी, शंकरपूर या पट्ट्यात अशी माणसं ज्यांच्या घरात असतील त्यांना माझी विनंती आहे. पटकथेची वाट पाहू नका. त्यांना विचारा, त्यांची हरकत नसेल तर फोनवर आवाज मुद्रित करा, आधी गाव आणि तारीख बोला, मग त्यांना त्यांच्या बोलीत हवं तेवढं बोलू द्या. मध्ये दुरुस्ती करू नका. आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.